एका आठवड्यात दोन युनायटेड

फुटबॉलमध्ये प्रशिक्षक बदलला की संघ सुधारतो, या भाबड्या समजुतीला मँचेस्टर युनायटेडचा २०२४-२५ चा हंगाम चांगलाच चाप लावतो. नवे प्रशिक्षक रुबेन अमोरिम नोव्हेंबरमध्ये आले. १५ डिसेंबरला युनायटेडने मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून हरवले आणि आमच्यासारखे चाहते हुरळून गेले. आठवडाभरात बोर्नमथने युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर येऊन ३-० असा धुव्वा उडवला! फ्रान्सच्या लिऑनविरुद्धचा युरोपा लीगचा (युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा) सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला. जादा वेळेत ४-२ अशी पिछाडी पाहून मी टीव्ही बंद करणार होतो, तेवढ्यात अखेरच्या सात-आठ मिनिटांत तीन गोल. घरचे झोपलेले, त्यामुळे तोंडावर उशी दाबून ओरडलो. आणि हाच संघ इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ४२ गुणांसह पंधरावा, शिवाय युरोपा लीगच्या बिल्बाओतल्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून पराभूत.

अमोरिम यांचा ३-४-३ चा (तीन बचावपटू, चार मधल्या फळीत, तीन आघाडीवर) हट्ट मलाही खटकला. या रचनेत दोन्ही कडांना दमसासाचे विंगबॅक, म्हणजे कडेने चढाई आणि बचाव दोन्ही करणारे खेळाडू, लागतात. ते हाताशी नसताना ती का रेटायची? पण संघ दुसऱ्याने बांधलेला आणि हंगाम आधीच सुरू झालेला. आधीच्या प्रशिक्षकाला उन्हाळ्यात मुदतवाढ देऊन ऑक्टोबरमध्ये काढणाऱ्या व्यवस्थापनाला मात्र कुणी जाब विचारत नाही.

– एक वाचक, डोंबिवली