विषय: ग्वाल्हेरला थंडी पडते आणि तुमची गाडी सुरू होत नाही

लष्कर, ग्वाल्हेर
दि. 30 जानेवारी

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

काल संध्याकाळी 5 वाजून 40 मिनिटांनी तुमच्या हेल्पलाइनवरचा माझा सातवा फोन संपला. संपला म्हणजे तिकडून कापला. साडेसहाला एसएमएस आला की माझी तक्रार माझ्या पूर्ण समाधानाने बंद करण्यात आली आहे. माझं समाधान झाल्याची बातमी मला तुमच्याकडून कळली, म्हणून हे पत्र.

मराठीत लिहितोय, कारण हिंदीत सहा फोन आणि इंग्रजीत चार ईमेल करून झाले, आणि तुमच्या उत्तरांवर ग्राहकसेवेचा पत्ता पुण्याचा असतो. निदान भाषा कळली नाही असं म्हणता येऊ नये.

गाडीचं मॉडेल, चेसिस नंबर सगळं सोबतच्या जॉब कार्डांवर आहे. डिझेल इंजिनात ग्लो प्लग, म्हणजे गार सिलिंडर आतून तापवणारा हीटर, कशासाठी बसवतात हे मी तुम्हाला समजावत नाही, इंजिन तुम्हीच बनवलंय. पहाटे पारा पाच-सहा अंशांच्या खाली गेला की गाडी सुरू होत नाही. स्टार्टर फिरतो, फिरतच राहतो. मागून पांढरा धूर येतो, म्हणजे आत गेलेलं डिझेल न जळता बाहेर पडतंय. इंजिन दोनदा खोकतं, एकदा थरथरतं आणि गप्प होतं. पाचव्या-सहाव्या खेपेला बॅटरीही हात टेकते. मात्र अकरा वाजता गल्लीत ऊन उतरलं की हीच गाडी पहिल्या चावीला सुरू होते, जणू काही झालंच नव्हतं. आणि नेमकी अकरा वाजताच तुमची माणसं ती बघतात.

19 डिसेंबरला पहिल्यांदा गाडी तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरने चावी फिरवली, गाडी सुरू झाली. "सर, गाड़ी तो एकदम ओके है." मी म्हटलं, ओके आत्ता आहे, सकाळी सहाला नव्हती. तर म्हणाले, बॅटरी वीक असेल. बंद गाडीत बॅटरी 12.5 व्होल्ट, म्हणजे ठीकठाक, दाखवत होती, हे त्यांच्याच कागदावर छापलंय. तरीही 7,400 रुपयांची नवी बॅटरी बसवली. चौथ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच धूर.

6 जानेवारीला दुसरी फेरी. या वेळी मीच हट्ट धरला की गाडी रात्रभर ठेवून घ्या, उघड्यावर लावा आणि पहाटे सुरू करून बघा. ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी घ्यायला गेलो तर गाडी शेडच्या आत, शटरमागे, दोन गाड्यांच्या मध्ये उबेत उभी होती आणि बॅटरीला चार्जर लावलेला होता. सुरू किती वाजता केली? साडेदहाला. जॉब कार्डावर शेरा: "कोल्ड स्टार्ट टेस्ट केली, समस्या आढळली नाही." आजारी माणसाला रजईत गुंडाळायचं, सलाइन लावायचं आणि सकाळी सांगायचं की याला काही झालेलं नाही, अशातला हा प्रकार. तेव्हा मला वाटलं, ही स्थानिक मंडळींची चालढकल असेल, कंपनी अशी नसेल. हा समज पुढे तुमच्या हेल्पलाइनने दूर केला.

मध्येच दुसरं एक. पुढच्या काचेवर आतून वाफ धरते, असंही मी त्या दिवशी सांगितलं होतं. उत्तर मिळालं, "सर्दी में एसी क्यों चलाते हो सर, बंद रखो." तुमच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय की काच साफ करायची तर एसी चालू ठेवा, कारण थंड कॉइलवर हवेतली ओल निथळते आणि कोरडी हवा काचेवर येते. मी रोज सकाळी मुरैनाला बँकेत जातो, जाऊन-येऊन 80 किलोमीटर. आग्र्याच्या रस्त्यावर जानेवारीत असं धुकं असतं की पुढच्या ट्रकचे दिवे दिसेपर्यंत तो ट्रक अंगावर आलेला असतो. तिथे मला एसी बंद ठेवायचा सल्ला. असो. ती वाफ मी फडक्याने पुसेन, इंजिन काही फडक्याने पुसून सुरू होत नाही.

रोजचे 80 किलोमीटर सांगायचं आणखी एक कारण. तुमच्या दुसऱ्या ईमेलमध्ये होतं की "गाडी कमी अंतर चालवल्याने" असं होतं. गाडी दोन वर्षांत 46,000 किलोमीटर चालली आहे. प्रत्येक जॉब कार्डावर मीटर रीडिंग आहे. ईमेल लिहिणाऱ्याने एक तरी कार्ड उघडलं होतं का?

22 जानेवारी. मुलीचा जेईईचा पेपर, पहिली पाळी नऊची, साडेआठला गेट बंद. सहालाच गाडीत बसलो, सावध म्हणून. फोनवर 4 अंश. चावी फिरवली. डॅशबोर्डवरचा ग्लो प्लगचा तो वेटोळ्याचा दिवा लागला, विझला, मी नियमाप्रमाणे थांबलो आणि मग स्टार्ट दिला. धूर. पुन्हा. धूर. शेजारचे काका टोपी-मफलर लावून बाहेर आले, त्यांच्या जुन्या गाडीवरून केबल जोडली, तरी धूर. मुलगी मागच्या सीटवर अ‍ॅडमिट कार्ड धरून बसलेली, एक शब्द बोलत नव्हती. ते न बोलणं तुमच्या एखाद्या अधिकाऱ्याने ऐकायला हवं होतं. शेवटी काकांच्या मुलाने तिला स्कूटरवर बसवलं आणि धुक्यातून केंद्रावर पोचवलं. वेळेत पोचली. तेरा लाखांची गाडी दारात धूर ओकत होती आणि पोर स्कूटरवर गेली.

त्याच दुपारी मी पडावजवळच्या एका मिस्त्रीकडे गेलो. काही उघडलं नाही, काही बदललं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. त्याने बोनेट उचललं, हीटर प्लगच्या टोकावरची वायर काढली आणि मल्टिमीटर लावला. (तुम्ही ग्लो प्लग म्हणा, इथे सगळे हीटर प्लगच म्हणतात.) पहिला प्लग एका ओहमच्या आत, म्हणजे चांगला. चौथाही तसाच. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर काटा हललाच नाही. "दो मरे पड़े हैं साहब. बैटरी बेचारी का क्या कसूर था?" पाच मिनिटं लागली. पन्नास रुपये घेतले.

मग त्याने माझ्या फाइलमधला तुमच्या सेंटरचा 19 डिसेंबरचा स्कॅन रिपोर्ट वाचला आणि तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. पी0672 आणि पी0673. पुढे "हिस्टरी", आणि त्यापुढे "क्लिअर्ड". हे दोन कोड कशाचे, ते तुम्हाला सांगायला नको: दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या ग्लो प्लगचं सर्किट. म्हणजे तुमच्या मशीनने पहिल्याच दिवशी दोष नाव-गाव घेऊन सांगितला होता. तुमच्या माणसाने तो पुसला आणि मला बॅटरी विकली. यावर मला अजून राग येतो, आणि सात फोनांत एकानेही यावर एक वाक्य बोललेलं नाही.

आता कालचा फोन.

चौदा मिनिटं सनई ऐकली. मग एक तरुण मुलगा आला. आडनाव ऐकताच तो हिंदीतून मराठीत शिरला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"काका, तुम्ही ग्वाल्हेरला फिरायला गेलाय का?"

मी म्हटलं, नाही, आम्ही इथलेच, पणजोबांपासून.

"हो का? मराठी लोक असतात तिकडे?"

असतात म्हटलं. शिंद्यांबरोबर आलो, अजून आहोत. पण विषय गाडीचा होता. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं: धूर, बॅटरी, दोन प्लग, दोन कोड. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. कीबोर्डचा आवाज येत होता, म्हणून मला आशा वाटली.

"काका, सिस्टीममध्ये तुमचं लोकेशन हॉट झोन दाखवतंय. कोल्ड स्टार्टचा ऑप्शनच येत नाहीये मला. मनाली वगैरे असतं तर आला असता."

मी म्हटलं, बाळा, मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो हे खरं. पण समुद्र शेकडो मैल लांब, आणि उत्तरेकडून थेट हिमालयावरचे वारे येतात. त्यामुळे जानेवारीत याच गावात तीन-चार अंश हे नवल नाही. मैदानी भागात किमान 4 अंशांवर आलं की हवामान खातं त्याला शीतलहर म्हणतं. हॉट झोनमध्ये शीतलहर कशी येते, विचार तुझ्या सिस्टीमला.

"काका, थंडी तर पुण्यातही आहे. आज अकरा होतं सकाळी. माझी बाइक एका किकमध्ये सुरू झाली."

आता मी काय बोलावं? मी सांगायला लागलो की तुझी बाइक पेट्रोलवर चालते, तिला ठिणगी असते. डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं पेटतं, आणि सिलिंडर गार असला की ती उष्णता धातूच पिऊन टाकतो. म्हणून प्लगचं टोक काही सेकंदांत आठशे अंशांच्या वर तापवायचं असतं. अकरा अंशांत दोन मेलेले प्लग झाकून जातात, चारमध्ये नाही. हे मी कोणाला सांगत होतो? डिझेल गाड्या बनवणाऱ्या कंपनीला.

"मग काका, असं करा, रात्री बोनेटवर गोधडी टाकून ठेवा. आमची आजी पाण्याच्या टाकीवर टाकते."

मी सुपरवायझर मागितला. मीटिंगमध्ये होते. कधी येतील विचारलं, तर म्हणाला, "काका, तुम्ही चिडू नका, बीपीला बरं नाही." बीपीचा विषय मी काढलाच नव्हता. पुन्हा सनई. परत येऊन त्याने एका दमात वाचून दाखवलं की ग्लो प्लग हा वायपर आणि ब्रेक पॅडसारखा झिजणारा भाग असल्याने वॉरंटीत बसत नाही, शिवाय बाहेरच्या मिस्त्रीने हात लावल्याने कंपनी जबाबदार नाही. मी म्हटलं, वॉरंटी पुस्तिकेचं पान 14 माझ्यासमोर आहे, त्यात झिजणाऱ्या भागांची यादी आहे. वायपर आहे, ब्रेक पॅड आहे, क्लच प्लेट आहे, ग्लो प्लग नाही. तू तुझ्याकडची यादी वाच. थोडा वेळ शांतता. मग फोन कट. तासाभरात समाधानाचा एसएमएस.

त्या मुलाचा दोष नाही. त्याच्यासमोर पडद्यावर जे येतं ते तो वाचतो. कोणीतरी वर बसून भारताच्या नकाशात ग्वाल्हेरवर "गरम" असा शिक्का मारला, दोष त्याचा. आणि ज्याने गाडी शटरच्या आत ठेवून कोल्ड स्टार्ट टेस्ट केली असं लिहिलं, त्याचा. हे मी वर लिहिलंय, पुन्हा लिहितोय, कारण ते कोणी वाचलं असेल याची खात्री नाही.

ही गाडी मी मेळ्यातून घेतली. 1905 पासून भरणारा आमचा व्यापार मेळा काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहे, तुमचा स्टॉल तिथे सगळ्यात मोठा होता. रोड टॅक्समध्ये निम्मी सूट, म्हणून सगळा जिल्हा तिथे गाड्या घेतो. मेळा ऐन थंडीतच भरतो. तुमचे विक्रेते जॅकेट-मफलर घालून, हात चोळत मला इंजिनचे गुण सांगत होते. विकताना तुम्हाला ग्वाल्हेरची थंडी मान्य होती. वडिलांकडेही तुमचीच जीप होती, पंचवीस वर्षं. थंडीत तीही कुरकुरायची, पण कोणी त्यांना गोधडी सुचवली नाही.

मागणी: चारही ग्लो प्लग आणि त्यांना वीज सोडणारं कंट्रोल मोड्यूल वॉरंटीत बदला, बॅटरीचे 7,400 परत करा, आणि 19 डिसेंबरला कोड कोणी आणि का पुसले ते लेखी कळवा. मुदत 10 फेब्रुवारी. त्यानंतर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर जाईन, आणि तिथेही सनई वाजली तर जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे मला पुण्याला यायला नको, तुम्हालाच इकडे यावं लागेल. तेरा लाखांच्या गाडीसाठी फी 400 रुपये, तुमच्या बॅटरीपेक्षा पुष्कळ स्वस्त. तारीख जानेवारीतली मिळाली तर फारच छान.

गाडी तपासायला माणूस पाठवणार असाल तर पहाटे सहाला पाठवा, अकराला नको. गाडी रात्रभर दारासमोर उघड्यावर उभी असेल, गोधडीशिवाय. चहा आम्ही देऊ. त्याला स्वेटर घालून यायला सांगा.

(सही)
तुमचा, पूर्ण समाधान झालेला, ग्राहक

सोबत: जॉब कार्डं, 19 डिसेंबरचा स्कॅन रिपोर्ट (खालच्या दोन ओळी लाल शाईने अधोरेखित), बॅटरीचं बिल, वॉरंटी पुस्तिकेच्या पान 14 ची झेरॉक्स.