कार निकोबारच्या त्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, तुमचं नाव मला माहीत नाही, तेव्हा विचारलंच नाही. मराठी तुम्हाला येत नाही हेही माहितीये, पण हिंदीत लिहायला बसलो की हात थांबतो, मलाक्का गावात ओळख असलेलं कुणी हे वाचत असेल तर प्लीज त्यांना हिंदीत सांगा.

मी तेव्हा एअरफोर्समध्ये कॉर्पोरल, गाव सातारा जिल्ह्यातलं. पोस्टिंग आली तेव्हा आई नकाशात कार निकोबार शोधत बसलेली, पोर्ट ब्लेअरच्याही खाली अडीचशेच्या वर किलोमीटर, एवढासा ठिपका. पहिले दोन महिने जीव रमेना, संध्याकाळी पाचलाच सूर्य बुडायचा आणि घरची पत्रं विमान आलं की मिळायची. मग तुमच्या गावच्या पोरांबरोबर फुटबॉल सुरू झाला आणि बेट आपलं वाटायला लागलं.

२६ डिसेंबर २००४, रविवार. आदल्या दिवशीच तुमचा ख्रिसमस झालेला. सकाळी साडेसहाच्या सुमाराला जमीन अशी हलली की उभं राहता येईना, आणि मग थोड्या वेळाने समुद्र आत आला. आमचे क्वार्टर्स किनाऱ्यालाच होते. मी आतल्या बाजूला पळालो, पाणी जरा ओसरल्यावर परत निघालो कारण आमच्या सार्जंट साहेबांची बायको आणि लहान मुलगी तिकडेच होती, त्यांच्या घरी मी कितीदा जेवलोय. तुम्ही मागून माझा बेल्ट धरलात. मी हिसका दिला, शिवी दिली, खूप वाईट शिवी दिली दादा, तरी तुम्ही सोडलं नाहीत, एवढंच म्हणत होतात, "फिर आएगा, फिर आएगा." आणि पाणी खरंच परत आलं, आधीपेक्षा मोठं.

त्या दोघी सापडल्या नाहीत. आमच्या बेसची माणसं आणि त्यांच्या घरचे मिळून शंभराच्या वर गेले. मीही त्यातच असतो.

प्यायला पाणी कुठेच नव्हतं, विहिरींत खारं पाणी शिरलेलं. तुम्ही झाडावर चढून शहाळी पाडलीत, दावाने, म्हणजे तुमच्याकडच्या कोयत्याने, फोडून आधी पोरांना, मग बायकांना, मग आम्हाला दिलीत. माझ्या पायाला पत्रा लागून रक्त थांबत नव्हतं तर तुमचाच शर्ट फाडून बांधलात. रात्रभर जमीन हलत होती आणि तुम्ही उघड्या अंगाने बसून होतात. पुढे रनवेचा जो भाग धड होता त्यावर एएन-३२ उतरलं, जखमींना आधी चढवलं, मी आत गेलो आणि मागे वळून तुमच्याकडे बघितलंही नाही.

आता माझी मुलगी कॉलेजला आहे. तुम्ही बेल्ट सोडला असता तर ती जन्मालाच आली नसती, हे तिलाही सांगितलंय. तुमचे उपकार फिटणार नाहीत. त्या शिवीबद्दल माफ करा.

तुमचं मलाक्का गाव तर आमच्या बेसला लागूनच होतं, सगळं वाहून गेलं हे मला नंतर कळलं. म्हणजे झाडावर चढत होतात तेव्हा तुमची माणसं कुठे होती, दादा? तेव्हा विचारायला हवं होतं, आज विचारतोय.