अग्निबाणाला अक्षांशापेक्षा मोकळा समुद्र हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नॉर्वे-स्वीडनने पार उत्तरेला अवकाशतळ उभारणं हा शुद्ध वेडेपणा आहे, असं एका वाचकाचं पत्र आपल्याकडे छापून आलं. ‘अग्निबाण विषुववृत्ताजवळूनच सोडावा’ असा त्यांचा मुद्दा आहे. तीस वर्षं भूगोल शिकवताना मीही हेच सांगत आले. पण ते अर्धंच खरं आहे, म्हणून हे पत्र.

वर्गात मी पृथ्वीगोलावर दोन टिकल्या चिकटवायचे, एक विषुववृत्तावर आणि एक नॉर्वेच्या वरच्या टोकाला. गोल फिरवला की मधली टिकली सर्रकन निघून जायची, वरची मात्र रेंगाळायची. खऱ्या पृथ्वीवर विषुववृत्तापाशी जमीन ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते, तर नॉर्वेचा तळ आहे त्या ६९ अंश उत्तरेवरच्या आंडोया बेटावर जेमतेम ६०० ने. पूर्वेकडे झेपावणाऱ्या अग्निबाणाला हा वेग फुकट मिळतो. टीव्हीचे, दळणवळणाचे भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर फिरतात. ते आंडोयाहून पाठवायचे तर वर जाऊन कक्षा पूर्ण वळवावी लागेल आणि इंधन प्रचंड जळेल. इथवर पत्रलेखकाचं म्हणणं मला मान्य आहे.

पण पिकांचे, बर्फाचे, पुराचे फोटो काढणारे बहुतेक उपग्रह उत्तर-दक्षिण, ध्रुवांवरून फिरतात. त्यांच्या वाटेला पूर्वेचा वेग लागतच नाही, उलट थोडा निस्तरावा लागतो. हा निस्तरण्याचा खर्च विषुववृत्तावर काय आणि नॉर्वेत काय, जवळपास सारखाच. मग बघायचं एवढंच, की अग्निबाणाच्या वाटेखाली माणसं आहेत की पाणी.

आपलं श्रीहरिकोटा विषुववृत्तापासून जेमतेम १४ अंशांवर आहे. तरी तिथून इस्रोचा पीएसएलव्ही अग्निबाण सरळ दक्षिणेला सोडता येत नाही, कारण वाटेत श्रीलंका येते. आधी आग्नेयेला जायचं, मग वळायचं, आणि त्या वळणात वाहून नेता येणारं वजन घटतं. छोट्या अग्निबाणाला तर हे फारच जड जातं. म्हणूनच तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला नवा तळ होतोय. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तिथून दक्षिणेला थेट समुद्रच आहे.

आंडोयाच्या उत्तरेलाही तसंच. ३० मार्च २०२५ ला इसार एरोस्पेस या जर्मन कंपनीचा २८ मीटर उंच स्पेक्ट्रम अग्निबाण तिथून उडाला आणि अर्ध्या मिनिटात भरकटून समुद्रात कोसळला. कुणाला इजा झाली नाही, प्रक्षेपणाचा मंचही शाबूत राहिला. जागा बरोबर निवडली होती, हे मला त्या अपयशातच दिसलं. रशियाचा प्लेसेत्स्क तळ तर ६३ अंशांवर आहे आणि तिथून १९६६ पासून उपग्रह जाताहेत. तेव्हा उत्तरेचे तळ ही काही नवी टूम नाही.

स्वीडनमधल्या किरुनाजवळच्या एसरेंज तळाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. संशोधनाचे लहान अग्निबाण तिथून कित्येक वर्षं सुटताहेत, त्याला हरकत नाही. पण तो तळ समुद्रकाठी नाही. आजूबाजूला तिथल्या मूळनिवासी सामी लोकांची रेनडियरची कुरणं आहेत आणि कक्षेत जाणाऱ्या अग्निबाणाला आधी नॉर्वेची जमीन ओलांडावी लागेल. एप्रिल २०२३ मध्ये तिथला एक संशोधन-अग्निबाण भरकटून नॉर्वेत १५ किलोमीटर आत डोंगरावर पडला. तो कक्षेत जायला निघालाही नव्हता. शेजाऱ्याच्या डोक्यावरून मोठे अग्निबाण न्यायचे तर आधी त्या शेजाऱ्याला आणि त्या गुराख्यांना विचारायला हवं.

जहाजांवर नजर ठेवणारा नॉर्वेचा एआयएससॅट-१ जुलै २०१० मध्ये आपल्याच पीएसएलव्हीवरून श्रीहरिकोट्याहून गेला होता. थेट ध्रुवाकडे मोकळा समुद्र असलेल्या त्या देशाला स्वतःच्या किनाऱ्यावरून असे उपग्रह सोडावेसे वाटले, तर त्यात मला वेडेपणा दिसत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा