इन्शुरन्सवाल्या ताई, हे पत्र तुम्हाला

ताई नमस्कार,

नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाही, पण वाचलंत की कळेलच कुणाबद्दल आहे ते. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो कामच आहे माझं" म्हणून विषय संपवता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

गाडीचं रिन्यूअल तोंडावर आलं होतं आणि कुणीतरी सांगितलं की ह्या ताई स्वस्तात पॉलिसी करून देतात. स्वस्तात म्हटल्यावर खरं सांगू का, मला आधी शंकाच आली, की एकतर काहीतरी छाटलेलं असणार नाहीतर नंतर फोन उचलणार नाहीत. माझ्याकडे एका एजंटचं कोटेशन होतंच, ते तुम्हाला व्हॉट्सॲपवर टाकलं आणि म्हटलं ह्याच्यापेक्षा कमी होत असेल तर बघा. तुमचा पहिलाच प्रश्न, "मागच्या वर्षी क्लेम घेतलावता का?" हो, घेतला होता. "मग ह्याने 35 टक्के नो क्लेम बोनस कुठून आणला?"

तिथंच मला कळलं की बाई वेगळी आहे. नो क्लेम बोनस म्हणजे क्लेम न घेतलेल्या वर्षांबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, क्लेम घेतला की तो शून्यावर येतो, आणि खोटा बोनस लावून घेतलेली पॉलिसी दिसायला स्वस्त असते पण उद्या क्लेम टाकला की कंपनी जुन्या कंपनीकडून कन्फर्म करते आणि मग बसा भांडत. तेच आयडीव्हीचं, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीचं, ती किंमतच कमी धरली की प्रीमियम आपोआप खाली येणार, पण गाडी चोरीला गेली तर हातात तेवढेच येणार ना! शिवाय त्यात व्हॉलंटरी डिडक्टिबल पण गुपचूप टाकलेलं, म्हणजे प्रत्येक क्लेमला आधी तेवढे पैसे माझ्याच खिशातून. हे सगळं तुम्ही त्या कोटेशनच्या फोटोवर लाल गोल करकरून पाठवलंत, तो फोटो अजून ठेवलाय मी.

आणि मग स्वस्त कुठून केलंत, तर जिथं खरंच नको होतं तिथून. माझ्या दुसऱ्या गाडीवर मालक-चालकाचं 15 लाखाचं पीए कव्हर, म्हणजे अपघात विमा, आधीच आहे, ते इथं परत कशाला म्हणून काढायला लावलंत. झिरो डेप, म्हणजे पार्ट बदलताना घसारा कापू न देणारं कव्हर, मात्र काढू दिलं नाहीत, मी दोनदा म्हटलं तरी. आता प्रीमियम कमी झाला की ब्रोकरचं, म्हणजे तुमचंच, कमिशन पण कमी होतं एवढं मलाही कळतं.

मध्ये आरशाचं कव्हर घासलं तेव्हा मी लगेच क्लेमला फोन केला तर तुम्ही म्हणालात खिशातून करा, वर्ष कोरं गेलं तर 20 टक्के बोनस चालू होईल, एवढ्याशासाठी कशाला घालवताय. बरं.

पण पुढचा बंपर गेला तेव्हाची गोष्ट खरी. बंपर, ग्रिल, एक हेडलाइट, सगळंच. मी गॅरेजमध्ये उभा आणि मेकॅनिक पाना घेऊन तयार, तेवढ्यात तुमचा फोन की सर्व्हेयर येईपर्यंत एक स्क्रू पण खोलू देऊ नका. सर्व्हेयर आले आणि म्हणाले बंपर रिपेअर होईल, बदलायची गरज नाही. मला तर वरून बघून ते पटलं पण होतं! तुम्ही फोनवर म्हणालात आतल्या बाजूने हात घालून बघा, ज्या लॉकवर बंपर बसतो ते शाबूत आहेत का. बघितलं तर डावीकडचे सगळे लॉक तुटलेले, एक तर हातातच आला. फोटो काढून दाखवले, सर्व्हेयर पण भला माणूस, लगेच रिप्लेसमेंट लिहिलं. प्लास्टिकच्या पार्टला घसारा 50 टक्के कापतात, म्हणजे झिरो डेप नसतं तर निम्मा बंपर माझ्या माथी. कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेमला आपण भरायचीच ठरलेली रक्कम, तेवढं भरलं, पण ते भरावंच लागेल हे तुम्ही पॉलिसी घेतानाच सांगून ठेवलं होतं त्यामुळे बिल बघून धक्का बसला नाही.

एक तक्रार पण आहे, रागावू नका. तुमचे व्हॉइस मेसेज फार लांब असतात आणि महत्त्वाचं नेमकं शेवटच्या दहा सेकंदात असतं.

आणि हो, आमची वहिनी जुनी गाडी विकून नवी घेतीये, शोरूमवाले आमचीच पॉलिसी घ्या म्हणून मागे लागलेत. तिचा 50 टक्के बोनस झालाय. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो हे मीच तिला सांगितलं, अगदी तुमच्या स्टाइलमध्ये, पण ते एनसीबी, म्हणजे ह्याच नो क्लेम बोनसचं, सर्टिफिकेट जुन्या कंपनीकडून कसं काढायचं ते तुम्हीच समजावून सांगा. नंबर दिलाय तुमचा, उद्या सकाळी फोन करेल ती, आणि ती माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारते हे आधीच सांगून ठेवतो.