समुद्र ओलांडायला निघालीस, म्हणून

चि. लाडक्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला, सकाळी उठून पुन्हा वाचला. चाळीस फुटी शिडाची बोट, चार माणसं, नोव्हेंबरअखेर कॅनरी बेटांवरून निघायचं ते अटलांटिक ओलांडून थेट कॅरिबियन. आणि शेवटी, "आई, रागावू नकोस."

रागावले नाही गं. चार वर्षांपूर्वी बोटीवर राहणाऱ्या त्या जोडप्याच्या व्हिडिओची लिंक तूच मला पाठवली होतीस, "बघ, कसलं आयुष्य आहे" म्हणून. तेव्हापासून तू आणि मी वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकच समुद्र बघत आलो. तो बघता बघता तुला तिथे जावंसं वाटलं तर त्यात नवल काय? पण इतकी वर्षं बघून माझ्याही मनात काही गोष्टी पक्क्या बसल्या आहेत. फोनवर गळा भरून येईल आणि नेमकं तेच सांगायचं राहील, म्हणून लिहिते आहे.

आपण बघतो ते सगळे व्हिडिओ परत आलेल्या माणसांनी जोडलेले असतात, हे कळायला मला वर्ष लागलं. आठवतं, एका बोटीची डोलकाठी धरून ठेवणारी तार भर समुद्रात तुटली होती आणि भाग तिथेच संपला होता? पुढचा भाग येईपर्यंत आठवडाभर माझा जीव टांगणीला लागला होता. मग तू सांगितलंस की ते सगळं पाच महिन्यांपूर्वीचं आहे, ते दोघं केव्हाच बंदरात पोहोचलेत. म्हणजे वादळाचं वर्णन करणारा माणूस ते सांगताना कोरड्या कपड्यांत, नांगर टाकलेल्या बोटीत बसलेला होता. त्याच्या आवाजात जो निवांतपणा होता तो बंदरातला होता, वादळातला नव्हता. तुझ्या वाट्याला येईल तो समुद्र न जोडलेला, न कापलेला. संगीत नाही, आणि कंटाळवाणा भाग पुढे ढकलायची सोय नाही.

आणि कॅमेरा लाटा सपाट करतो. हे तर प्रत्येक खलाशी सांगतो. चार मीटरची लाट पडद्यावर मऊ चढासारखी दिसते, त्यामुळे मी आता लाट बघतच नाही, आवाज ऐकते. दोरातून वारा शिट्टी घालायला लागला, केबिनमध्ये भांडी आपटायला लागली आणि बोलणाऱ्याची वाक्यं तुटक झाली, की समजायचं बाहेर काय चाललंय.

कोल ब्राउअरचा तो तुकडा मी तुला तेव्हा पाठवला नव्हता. मुद्दामच. आता बघ. ही मुलगी ऑक्टोबर २०२३ मध्ये स्पेनच्या आ कोरुन्याहून चाळीस फुटी बोटीत एकटी निघाली आणि १३० दिवसांनी, ७ मार्च २०२४ ला, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करून परतली. एकटीने न थांबता जगाभोवती शर्यत पूर्ण करणारी पहिली अमेरिकन स्त्री. प्रवासात ती रोज बोलायची, हसायची, लाखो लोक बघायचे. पण मी सांगते तो तुकडा तिने ठरवून काढलेला नाही. केबिनमधला कॅमेरा चालू होता इतकंच. बोट लाटेवरून घसरली आणि कोल एका भिंतीपासून समोरच्या भिंतीवर फेकली गेली. एका सेकंदाचाही खेळ नाही. बरगड्यांना मार बसला. आणखी एकदा अंगातलं पाणी इतकं कमी झालं, की दूर जमिनीवरच्या डॉक्टरांना विचारून तिने स्वतःच स्वतःला सलाइन लावलं. मी तो तुकडा पाच-सहा वेळा बघितला, घाबरायला नव्हे. आदल्या क्षणी तिचा हात कुठे होता ते बघायला. खलाशांचा जुना नियम आहे ना, एक हात बोटीसाठी आणि एक हात स्वतःसाठी, तो मला त्या दिवशी खरा कळला. तू घरात चालतेस तशी बोटीत चालू नकोस. आधी धरायचं, मग पाऊल.

दुसरी एक गोष्ट अगदी जवळून बघितलेली. एकटाच फिरणारा तो प्रौढ खलाशी, ज्याचे व्हिडिओ तुला संथ वाटतात. तो रोज सकाळी डेकवर फेरी मारतो. एका सकाळी त्याला पायाशी नखाएवढी धातूची पिन सापडली. त्याने ती तळहातावर घेतली, कॅमेऱ्याला दाखवली आणि वर डोलकाठीकडे बघत नुसता उभा राहिला. पुढची वीस मिनिटं ती पिन कुठली हे शोधण्यात गेली. तार जिथे डेकला जोडलेली असते तिथली निघाली. ती सापडली नसती तर पुढच्या जोराच्या झोतात मोठी खीळ सरकली असती आणि डोलकाठीच गेली असती. मग त्याने शिडाचा दोर जिथे कप्पीवर घासतो तिथे हाताचं बोट फिरवलं. दोराच्या सालीला बारीक लव आली होती. त्याने दोर वीतभर पुढे सरकवला, म्हणजे आता नवी जागा घासेल आणि जुनीला विसावा मिळेल. हे तो रोज करतो. अख्ख्या भागात याहून जास्त काही घडलं नाही आणि चार वर्षांत मी पाहिलेला सगळ्यात चांगला भाग तो आहे. सूर्यास्त कुणीही दाखवेल. तू ज्या बोटीवर जाणार आहेस तिथे सकाळची फेरी कोण मारतं हे विचार. कुणीच मारत नसेल तर तू मार.

आता तुझ्या वाटेबद्दल. कॅनरीवरून साधारण २,७०० सागरी मैल, सुमारे तीन आठवडे. १९८६ पासून दर नोव्हेंबरला शेकडो बोटी एकत्र हीच वाट धरतात, ती यासाठी की चक्रीवादळांचा हंगाम सरत आलेला असतो आणि व्यापारी वारे पाठीमागून लागायला लागतात. वारा पाठीशी म्हणजे सोपं, असं व्हिडिओत वाटतं. पण पाठीमागच्या वाऱ्यात बोट डावी-उजवीकडे सतत लोळते, आणि सुकाणूवरचा माणूस जरा गाफील राहिला की मोठ्या शिडाचा आडवा दांडा, म्हणजे बूम, एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सणकन येतो. त्याचा मार डोक्याला बसून माणसं गेली आहेत. म्हणून तो दांडा पुढच्या बाजूला दोराने ओढून बांधतात. प्रिव्हेंटर म्हणतात त्याला, तुला माहीत आहेच. तो दर वेळी बांधतात की "आज वारा हलका आहे" म्हणून सोडतात, यावरून मला त्या बोटीबद्दल बरंच काही कळेल.

आणि पडायचं नाही. हे आईचं नेहमीचं "जपून जा" समजू नकोस. मी हिशेब केला आहे. सहा नॉट, म्हणजे ताशी सहा सागरी मैल, वेगाने बोट सेकंदाला तीन मीटर जाते. मिनिटभरात १८५ मीटर. पाठीमागून वारा असताना शिडं उतरवून बोट वळवायला कितीतरी मिनिटं लागतात, आणि उसळत्या पाण्यात माणसाचं डोकं तेवढ्या अंतरावरून दिसत नाही. रात्री तर नाहीच. म्हणून अंधार पडल्यावर केबिनच्या पायरीवरून बाहेर पाऊल टाकण्याआधी अंगावरच्या पट्ट्याची कडी बोटीला अडकव. बाहेर आल्यावर अडकवते असं नाही.

रात्रीचा पहारा तुला आवडेल, हे मला आत्ताच माहीत आहे. वल्ह्याच्या नुसत्या स्पर्शाने पाणी उजळतं त्या जातीचा उजेड, आणि अंधारात बोटीशेजारून डॉल्फिन जाताना मागे राहणाऱ्या हिरव्या रेघा. हे पडद्यावर कधीच नीट आलेलं नाही, सगळेच तसं सांगतात, आणि तुला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळणार याचा मला हेवा वाटतो. पण वीस नॉटने येणारं मालवाहू जहाज क्षितिजावर दिसल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकतं. तेव्हा दर पंधरा मिनिटांनी उठून चारी दिशांना पूर्ण फेर बघायचा. एआयएसच्या, म्हणजे आसपासच्या जहाजांचे संकेत दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर काही दिसत नाही म्हणजे समुद्रावर कुणी नाही, असं धरून चालू नकोस.

त्या कॅप्टनला मी ओळखत नाही. तूही त्याला व्हिडिओतूनच ओळखतेस. माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण कॅमेऱ्यासमोरचा माणूस आणि सलग तीन रात्री झोप न झालेला माणूस एकच असतो असं नाही. निघण्याआधी दोन-तीन दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने त्याच्याबरोबर बोट चालवून बघ. त्याला प्रश्न विचार. जो शांतपणे, दाखवून उत्तर देतो त्याच्याबरोबर जा. "काही होत नाही गं" म्हणतो त्याच्याबरोबर जाऊ नकोस, तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील. मी एक चॅनेल बघणं याच कारणाने बंद केलं. पाहुण्यांची विमानं गाठायची म्हणून त्यांनी हवामानाचा अंदाज वाईट असताना नांगर उचलला होता. सगळे सुखरूप पोहोचले, व्हिडिओ गाजला, पण मला पुढे बघवेना. बोटीवर तारीख ठरवून निघणाऱ्या माणसाची मला भीती वाटते, लाटेची तितकी नाही.

आता माझ्याबद्दल. मी काय करणार ते.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ साली 'सुहैली' नावाची बोट घेऊन एकटा निघाला, ३१२ दिवसांनी परतला. न थांबता एकट्याने पृथ्वीला फेरी घालणारा पहिला माणूस. त्याचा रेडिओ बिघडला होता. नोव्हेंबरात न्यूझीलंडजवळ तो शेवटचा दिसला आणि त्यानंतर थेट एप्रिल १९६९ पर्यंत काहीच खबर नाही. ते चार-साडेचार महिने त्याच्या घरच्यांनी कसे काढले असतील याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. काल रात्रीपासून तोच करते आहे.

माझ्याजवळ तर नकाशावर तुझ्या बोटीचा बिंदू असेल. बिंदूची किंमत मला कर्स्टन नॉयशेफर या खलाशी बाईने शिकवली. २०२२ ची गोल्डन ग्लोब शर्यत, एकट्याने जगाभोवती, जुन्या पद्धतीची, जीपीएसशिवाय. नोव्हेंबरात टापिओ लेहतिनेन या दुसऱ्या स्पर्धकाची बोट हिंदी महासागराच्या दक्षिण भागात काही मिनिटांत बुडाली आणि तो तराफ्यात उतरला. मी नकाशा उघडून बसले होते. कर्स्टनचा बिंदू वाट सोडून वळला. रात्रभर तिने स्वतः सुकाणू धरलं, सकाळी त्याला शोधून काढलं, बोटीवर घेतलं, मग मालवाहू जहाजावर पोहोचवलं आणि पुन्हा आपल्या वाटेला लागली. २७ एप्रिल २०२३ ला ती पहिली आली. आपण जिंकलो हे तिला शेवटची रेषा ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं, बघणाऱ्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिच्यामागून दोन दिवसांनी आपला अभिलाष टॉमी आला, तोच, ज्याची डोलकाठी २०१८ च्या शर्यतीत वादळाने मोडली होती आणि पाठीला इजा होऊन जो तीन दिवस बोटीत हलता न येता पडून होता. तो कुठे आहे हे लोकांना ठाऊक होतं, म्हणून फ्रेंच जहाज त्याच्यापर्यंत पोहोचू शकलं.

तेव्हा बोटीचं संकटयंत्र असेलच, पण तुझ्या अंगावर तुझ्या नावाचा पीएलबी, म्हणजे दाबला की बचाव केंद्राला संकटाचा संदेश देणारं छोटं यंत्र, हवा. त्याची नोंदणी कर आणि संपर्क म्हणून माझा नंबर दे. तो दाबला गेला तर बचाव केंद्राचा फोन मला येईल. तू कोणत्या बोटीवर आहेस, किती जण आहात, बोटीचा रंग काय, तराफा कितीजणांचा, हे मी न अडखळता सांगू शकले पाहिजे. तेवढं मला लिहून पाठव, मी पाठ करून ठेवते.

नकाशावर बिंदू दाखवणारे ट्रॅकर बंद पडतात, तेही मी पाहिलं आहे. बॅटरी जाते, पाणी शिरतं, कुणीतरी बटण दाबायचं विसरतं. म्हणून बिंदू नुसता थांबला तर मी अठ्ठेचाळीस तास कुणालाही फोन करणार नाही. हा माझा शब्द. त्या वेळात तुझ्याकडून दोन ओळींचा मजकूरही आला नाही, तर कुणाला विचारायचं, तो किनाऱ्यावरचा एक नंबर मला दे. आणि रोज गोडगोड लिहू नकोस. लाटा मोठ्या आहेत, उलट्या होताहेत, कंटाळा आलाय, जे असेल ते लिही. मला आता त्यातलं कळतं.

पट्ट्याची कडी अडकवायची दोरी त्या बोटीवर कुठून कुठवर बांधलेली आहे? सुकाणूपासून निघून डोलकाठीपर्यंत मधे एकदाही कडी न काढता जाता येतं का? कॅप्टनला विचारून कळव, जमलं तर फोटो पाठव.

तुझी,
आई