लोकलमधला कच्चा खर्डा

महोदय,

दिवाळी अंकांचे दिवस जवळ आले, की मोबाइलवर लिहावे की कागदावर, हा वाद रंगतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेल्या या परंपरेत माझ्यासारख्या हौशी लेखकाचा वाटा ‘साभार परत’पुरताच असला, तरी अनुभव सांगतो. बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकी मिळाली, तर मी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहितो. अंधेरीनंतर कोपर हलवता येत नाही, त्यामुळे अर्धवट वाक्य दादरपर्यंत मनातच घोळवावे लागते आणि त्यात निम्मी विशेषणे आपोआप गळून पडतात. रविवारी सारे मोठ्याने वाचतो (घरचे टीव्हीचा आवाज वाढवतात) आणि जीभ अडखळेल तिथे खूण करतो. मोबाइलवर खोडलेला शब्द नाहीसाच होतो, कागदावर काट मारलेला मात्र पुन्हा उचलता येतो, म्हणून मी कागदाच्या बाजूचा आहे.

— एक वाचक, बोरिवली, मुंबई