पान २१ वरच्या टिंबासाठी

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी तुमच्या हातात देऊ शकले असते. पण तुम्ही काय केलंत ते चारचौघांना कळावं असं फार दिवस वाटत होतं.

आई आठवड्याला दोन पुस्तकं वाचायची. वाचून झालं की पान २१ वर, खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं बारीकसं टिंब. नाव लक्षात राहत नाही नि तेच पुस्तक पुन्हा घरी येतं, म्हणून ही खूण. सत्तरीनंतर तिचं बाहेर पडणं थांबलं, पुस्तकं बदलायला मी येऊ लागले. मला खुणेचं ठाऊक नव्हतं, तुम्हाला होतं. मी पुस्तक पुढे केलं की तुम्ही आधी पान २१ उघडायचात. टिंब दिसलं की "हे झालंय त्यांचं" म्हणत स्वतः उठून कपाटातून दुसरं आणायचात, मागे रांग असली तरी. पुस्तकावर खूण केल्याबद्दल मात्र कधी चकार शब्द काढला नाहीत.

ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवण्याचा. आईकडे तेव्हा वेळ थोडाच उरला होता.

ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठी नदी गावात शिरली. १८६४ सालचं आपलं वाचनालय. २००५ चा पूर सोसून उभं राहिलेलं, आणि पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर मी आले. पुस्तकं भिजून, फुगून फळ्यांत घट्ट बसली होती. ओढली की हातात नुसता लगदा. तुमच्या घरातही पाणी होतं, तरी तुम्ही इथे कोपरापर्यंत चिखलात. आईची टिंबं गेली, एवढंच माझ्या मनात आलं. बोलले नाही.

दोन महिन्यांनी तुमचा फोन आला. वरच्या फळीवरचं एक पुस्तक पुरातून वाचलं होतं. मी आले तर तुम्ही पान २१ उघडून टिंबाखाली बोट धरून उभ्या होतात.

ते पुस्तक मी विकत मागितलं. "राहू दे इथेच, कुणी वाचेल," म्हणालात. बरोबर केलंत, ताई.

आईची अनामत मी परत घेणार नाही. तिचं खातं माझ्या नावावर करून ठेवा. शनिवारी पुस्तक बदलायला येते.

तुमची,
एक सभासद